आढाव्याची कागदपत्रे कोठून वाचावीत
मानवी हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा अभ्यास सुरू करताना आपण भाषणांपेक्षा सार्वत्रिक नियतकालिक आढाव्याची, म्हणजे प्रत्येक देशातील मानवी हक्कांच्या स्थितीची इतर देशांकडून ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीची, कागदपत्रे आधी वाचावीत. हा आढावा घेणाऱ्या मानवी हक्क परिषदेचे सदस्य ४७ असले, तरी तो संयुक्त राष्ट्रांच्या सर्व १९३ सदस्य देशांचा होतो आणि त्यासाठी सरकारचा अहवाल, संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांकडील माहितीचे संकलन व नागरी संघटनांच्या निवेदनांचा सारांश, असे तीन दस्तऐवज आधारभूत मानले जातात. सरकारी अहवाल बहुधा गुळगुळीत असतो (तो तसा असणारच), म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून करावी. त्यानंतर आढाव्यात इतर देशांनी केलेल्या शिफारशींपैकी त्या देशाने स्वीकारलेल्या आणि न स्वीकारता केवळ नोंद घेतलेल्या वेगळ्या काढून, पाणी, शिक्षण व आरोग्याविषयीच्या शिफारशी २०३० पर्यंतच्या शाश्वत विकास उद्दिष्टांशी ताडून पाहाव्यात.