पान नंबर जुळत नाही तेव्हा : ग्रंथपालांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळची पत्रं जवळजवळ सगळी सायन्स आणि मॅथ्सच्या लायब्ररीत काम करणाऱ्यांची आहेत, आणि सगळ्यांचं दुखणं फिरून एकाच ठिकाणी येतं : एकमेकांना बातम्या कळवतो, पेपर पाठवतो, लिंक देतो, पण समोरच्याच्या ते कितपत कामाला येतं? मी बरीच वर्षं हेच काम केलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, पत्रं मात्र थोडक्यात देते.

प्रश्न : ताई, दुसऱ्या एका लायब्ररीकडून आम्हाला रिक्वेस्ट आली, 'मातेमातिचेस्की स्बोर्निक' या रशियन जर्नलमधला १९६७ चा एक पेपर, खंड ७२. आमच्याकडे या जर्नलच्या इंग्लिश भाषांतराचे खंड आहेत. ७२ वा खंड काढून बघितला तर त्यात हा पेपर नाहीच. 'आमच्याकडे नाही' असं कळवून टाकलं. बरोबर केलं ना?

नाही हो, आजच त्यांना पुन्हा लिहा, कारण पेपर तुमच्याकडे असण्याची बरीच शक्यता आहे, तुम्ही फक्त चुकीच्या कपाटात हात घातलात. या जर्नलचं इंग्लिश भाषांतर १९६७ मध्ये सुरू झालं आणि त्यांनी आपले खंड १ पासून मोजायला घेतले, म्हणजे रशियनचा ७२ वा खंड तो इंग्लिशचा पहिला, आणि इंग्लिशचा ७२ वा काढलात तर तो थेट १९९० च्या दशकातला निघतो, त्यात १९६७ चा पेपर कुठून सापडणार. त्यात भर म्हणजे रशियन खंडालाच दोन नंबर असतात, ७२ आणि पुढे कंसात ११४, कारण जुनी मालिका आणि नवी मालिका अशी दोन मोजणी चालते. रेफरन्स लिहिणारा त्यातला एक गाळतो, दुसरा कुणीतरी उरलेला गाळतो, आणि असं होत होत तो कागद आपल्या टेबलावर येतो. भाषांतराचं नावही बदलत गेलंय, आधी 'मॅथेमॅटिक्स ऑफ द यूएसएसआर स्बोर्निक', आणि सोव्हिएत युनियन गेल्यावर १९९० च्या दशकात 'स्बोर्निक : मॅथेमॅटिक्स', त्यामुळे कॅटलॉगमध्ये एकाच जर्नलच्या दोन-तीन नोंदी असतात आणि एक उघडून बघितली की माणूस थांबतो.

'उस्पेखी मातेमातिचेस्किख नाऊक' या जर्नलचं उलटं आहे, त्याचं इंग्लिश भाषांतर 'रशियन मॅथेमॅटिकल सर्व्हेज' १९६० पासून आहे आणि तिथे खंडाचा नंबर दोन्हीकडे सारखाच, फक्त पानं वेगळी. म्हणून एका जर्नलवर शिकलेली युक्ती दुसऱ्याला लावू नका, दर वेळी बघाच. बघायचं कुठे, तर मॅथ-नेट-डॉट-आरयू ही साइट, तिथे रशियन पेपरच्या नोंदीतच त्याच्या इंग्लिश भाषांतराचा खंड आणि पानं दिलेली असतात आणि जुने रशियन अंक कितीतरी वेळा तिथेच फुकट मिळतात. गणितातला १९६७ चा पेपर जुना झाला असं समजू नका, एकदा सिद्ध झालेलं प्रमेय पन्नास वर्षांनी खोटं ठरत नाही, त्यामुळे गणिताचे लोक जुनं साहित्य आजचं असल्यासारखं मागतात आणि म्हणूनच या नंबरांच्या भानगडी आपल्याला पाठ असाव्या लागतात.

आणि नाव शोधतानाही सांभाळा. रशियन गणिती चेबिशेव एकच, पण रोमन लिपीत कुणी सी-एचने लिहितो, फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांत तो टीने सुरू होतो, त्याच्या बहुपदींना टी हे अक्षर मिळालं ते त्या स्पेलिंगमुळेच. एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणून 'नाही' लिहू नका.

माझी एवढीच विनंती आहे की 'आमच्याकडे नाही' या उत्तराच्या खाली एक ओळ जोडा, काय काय बघितलं ते. 'इंग्लिश खंड ७२ बघितला, त्यात नाही' एवढं जरी लिहिलं असतं तरी समोरच्या ग्रंथपालाने लगेच ओळखलं असतं की गडबड कुठे झाली, आणि तिचा आठवडा वाचला असता.

प्रश्न : एका मैत्रिणीने कळवलं की अमुक एक गणिताचं जर्नल आता सगळ्यांना फ्री झालंय. मग आम्ही वर्गणी बंद करून ते पैसे पुस्तकांना वापरावे का?

थांबा, थांबा. ही बातमी मीसुद्धा एकदा अशीच पुढे ढकलली होती. एका जर्नलच्या पानावर 'ओपन अ‍ॅक्सेस' दिसलं, मी उत्साहात चार-पाच लायब्रऱ्यांना कळवलं की घ्या, फ्री झालं, आणि त्यातल्या दोघींनी त्या वर्षी वर्गणी भरलीच नाही. नंतर नीट वाचलं तेव्हा कळलं की ते जर्नल 'सबस्क्राइब टू ओपन' या पद्धतीवर चालतं. म्हणजे असं, की प्रकाशक म्हणतो, नेहमीच्या लायब्रऱ्यांनी पुरेशा संख्येने वर्गणी चालू ठेवली तर या वर्षीचे अंक जगाला खुले करतो, नाही ठेवली तर वर्गणीदारांपुरतेच. आणि हा निर्णय दर वर्षी नव्याने होतो. युरोपियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ईएमएस प्रेसने २०२१ पासून आपली जर्नल्स याच पद्धतीने खुली करायला घेतली. म्हणजे लायब्रऱ्या पैसे भरतात म्हणून ते फ्री आहे, आणि मी लोकांना सांगत होते की फ्री आहे म्हणून पैसे भरू नका. त्या दोघींना मी फोन करून माफी मागितली, पण तोवर त्यांचं बजेट दुसरीकडे गेलं होतं. अजून मनाला लागतं ते.

त्यामुळे 'फ्री' शब्द दिसला की मी आता तीन गोष्टी विचारते आणि कळवतानाही तिन्ही लिहिते : कुठल्या वर्षापासूनचे अंक खुले आहेत, जुने अंक त्यात आहेत का, आणि हे कायमचं आहे की दर वर्षी ठरणार. बरीच जर्नल्स काही वर्षांनी जुने अंक खुले करतात आणि नवे बंद ठेवतात, काही बरोबर उलटं, ताजं खुलं आणि मागचं कुलपात. तुमच्या मैत्रिणीला हे तीन प्रश्न विचारा, रागावू मात्र नका तिच्यावर, तिने कळवलं म्हणून तर तुम्ही विचार करताय.

प्रश्न : बजेट कमी झालंय. झेडबीमॅथ फुकट आहे तर मॅथसायनेट बंद केलं तर चालेल का? विभागात भांडणं लागलीत.

दोन्हींचं काम सारखंच, गणितातल्या पेपरांची नोंद आणि त्यावर तज्ज्ञांनी लिहिलेलं परीक्षण. जर्मनीतलं त्सेंट्रालब्लाट १९३१ चं, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज १९४० चं, आणि मॅथसायनेट हे त्या रिव्ह्यूजचं ऑनलाइन रूप. त्सेंट्रालब्लाटचं झालं झेडबीमॅथ, आणि २०२१ च्या सुरुवातीपासून ते सगळ्यांना मोफत आहे. शिवाय त्यात 'यारबुख' या जुन्या जर्मन परीक्षण-वार्षिकाच्या नोंदी घातल्यात, त्यामुळे ते १८६८ पर्यंत मागे जातं, एकोणिसाव्या शतकातलं काही शोधायचं तर मी आधी तिथेच जाते.

पण माझं स्पष्ट मत आहे की फुकट आहे एवढ्या एकाच कारणावर दुसरं बंद करू नका. एकाच पेपरवर दोन्हीकडे वेगवेगळ्या माणसांनी परीक्षण लिहिलेलं असतं आणि कधी कधी एकीकडे चूक दाखवलेली असते जी दुसरीकडे नसते. संशोधन करणारा विभाग मोठा असेल तर मॅथसायनेटसाठी झगडा. विभाग लहान आहे, शिकवणंच जास्त आहे, तर झेडबीमॅथवर चालेल, आणि नुसता रेफरन्स तपासायचा असेल तर एमआर लुकअप ही अमेरिकन सोसायटीची मोफत सोय आहे, तिथे परीक्षण दिसत नाही पण जर्नल, खंड, पानं बरोबर मिळतात. निर्णय घ्यायच्या आधी एक महिना विभागातल्या लोकांना फक्त झेडबीमॅथ वापरायला सांगा आणि कुठे अडलं ते लिहून ठेवा. तो कागद मीटिंगमध्ये ठेवलात की भांडण आपोआप मुद्द्यावर येईल.

प्रश्न : मी साहित्याची विद्यार्थिनी, बदली होऊन गणिताच्या लायब्ररीत आलेय. बाकीचे जे कळवतात त्यातलं निम्मं मला समजतच नाही. मी यांना काय उपयोगाची?

असं अजिबात म्हणू नका, मला तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. पेपरातलं गणित मलाही कळत नाही, कळायची गरजही पडलेली नाही. तुम्हाला त्या शास्त्राचा नकाशा कळायला हवा, आणि तो तयार मिळतो, मॅथेमॅटिक्स सब्जेक्ट क्लासिफिकेशन म्हणतात त्याला. लोक तोंडी एमएससी म्हणतात, पदवी नव्हे ती. मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज आणि झेडबीमॅथ दोघं मिळून तो बनवतात, साधारण दहा वर्षांनी सुधारतात, सध्याचा २०२० चा आहे आणि त्यात वरच्या पातळीवर ६३ विषय आहेत. ०५ म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स, ११ संख्या सिद्धांत म्हणजे नंबर थिअरी, ३५ आंशिक विकलक समीकरणं, ६२ स्टॅटिस्टिक्स. तुमच्या प्राध्यापकांपैकी कुणाचं काम कुठल्या नंबरात पडतं एवढं वहीत लिहून काढा. पंधरा-वीस नावं असतील. मग कुठलीही बातमी आली की नंबर बघायचा आणि त्या माणसाला सांगायचं. सगळ्यांना सगळं पाठवणारे खूप आहेत हो, नेमक्या माणसाला नेमकं सांगणारं कुणी नसतं. आणि भाषेचं शिक्षण झालंय तुमचं, वरचा चेबिशेवचा घोळ तुम्ही माझ्याआधी पकडाल.

प्रश्न : एक सर पेरेलमनच्या प्रसिद्ध पेपरचं 'छापील जर्नल व्हर्जन' मागतायत. कुठे मिळेल?

कुठेच नाही. रशियन गणिती पेरेलमनने पॉइन्कारे कंजेक्चर या गाजलेल्या प्रश्नावरचे तिन्ही पेपर २००२ आणि २००३ मध्ये फक्त आर्काइव्हवर, म्हणजे लेखक जिथे आपले पेपर स्वतः मोफत ठेवतात त्या साइटवर, टाकले, जर्नलला दिलेच नाहीत. पहिल्याचा नंबर मॅथ/०२१११५९. जुन्या नंबरात आधी विषय असतो, एप्रिल २००७ पासून तो काढून नुसतं वर्ष-महिना आणि पुढे क्रमांक असतो, त्यामुळे सरांनी दिलेला नंबर जुन्या पद्धतीचा असला तर चुकीचा समजू नका. सरांना सांगा की आर्काइव्हचाच नंबर द्या, तोच अधिकृत संदर्भ. बाकीच्या पेपरांच्या बाबतीत मात्र कुठलं व्हर्जन पाठवताय, व्ही-१ की व्ही-३, हे कळवायला विसरू नका, कारण मधल्या काळात लेखकाने सिद्धता दुरुस्त केलेली असू शकते.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर कुणीतरी 'हे जर्नल बोगस आहे, सावध' असं टाकलं. ते जर्नल तर आम्ही कित्येक वर्षं घेतोय!

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख-क्रमांक, उचलून कुणीतरी खोटी वेबसाइट काढतं आणि लेखकांकडून पैसे घेतं, याला हायजॅक्ड जर्नल म्हणतात. जर्नल चांगलं असतं, साइट चोराची. म्हणून सावधान करताना जर्नलचं नुसतं नाव टाकणं म्हणजे भल्या माणसाची बदनामी, त्याच्या संपादकांनी काय पाप केलं? खऱ्या साइटचा पत्ता कुठला आणि खोटा कुठला, दोन्ही लिहा. मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटकडे अशा जर्नल्सची यादी आहे, ती बघा. मागे घेतलेल्या पेपरांचा त्यांचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफ या संस्थेने घेतला आणि सगळ्यांना खुला केला, तेव्हा 'हा पेपर मागे घेतलाय' अशी बातमीही तपासल्याशिवाय पुढे पाठवायचं आता काही कारण उरलेलं नाही, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : फोनवरच्या ग्रुपमध्ये थेट पीडीएफ टाकली तर बिघडतं का? सगळेच टाकतात.

बिघडतं. तुमच्या लायब्ररीने प्रकाशकाशी केलेल्या करारात इंटरलायब्ररी लोनचं एक कलम असतं, ते काढून वाचा, एका लायब्ररीने मागितलेला एक लेख त्या लायब्ररीला पाठवणं बहुतेक करारांत चालतं, शंभर जणांच्या ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही. आणि उद्या प्रकाशकाने बोट दाखवलं तर ते तुमच्या संस्थेकडे असेल. त्यापेक्षा आधी आर्काइव्ह बघा, मग लेखकाचं स्वतःचं पान, फ्रेंच जर्नल असेल तर नुमदाम, तिथे जुने अंक स्कॅन करून मोफत ठेवलेत, आणि अनपेवॉल हे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये टाकून ठेवा, कायदेशीर मोफत प्रत कुठे असली तर ते दाखवतं. ग्रुपवर लिंक टाका, सोबत डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, आणि खाली लिहा की मोफत प्रत कुठे मिळाली. कुठेच नाही मिळाली तर मागणाऱ्याला वेगळा मेसेज करा, रीतसर फॉर्म भरून घ्या आणि त्याच दिवशी पाठवा.