घरी कारचं ऑइल बदलायचं आहे, फिल्टर काढायला नेमका कोणता पाना घ्यावा?

तुमच्याकडे 2016 ची वॅगनआर आहे, ऑइल पहिल्यांदाच घरी बदलायचं आहे. म्हापशाच्या दुकानदाराने फिल्टर काढायचे तीन पाने दाखवले: पट्ट्याचा, तीन पायांचा आणि टोपीसारखा. यातला कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या वेळी तीन पायांचा घ्या. टोपी नंतर घ्या, आणि तीही नवा फिल्टर दुकानात नेऊन, त्याच्यावर चढवून बघूनच.

टोपी हे हत्यार चांगलंच आहे, पण ते एकाच मापाच्या फिल्टरला चालतं. फिल्टरच्या बंद टोकाला ज्या चपट्या बाजू असतात, त्यांची संख्या आणि माप कंपनीगणिक बदलतं. एकाला 14 बाजू, दुसऱ्याला 15. एक 65 मिमी, दुसरा 66 किंवा 68. एका मिलिमीटरचा फरक असला तरी टोपी वरून नीट बसल्यासारखी वाटते. जोर लावला की ती जागच्या जागी फिरते आणि फिल्टरच्या कडा गुळगुळीत करून टाकते. मग तिथे कुठलीच टोपी धरत नाही. तुमच्या गाडीला आत्ता लावलेला फिल्टर मागच्या सर्व्हिसला कुणीतरी बसवलाय, तो कोणत्या कंपनीचा ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही नव्या फिल्टरच्या मापाची टोपी आणाल आणि गाडीखाली गेल्यावर जुना दुसऱ्याच मापाचा निघेल. ही चूक बहुतेकांकडून होते.

तीन पायांच्या पान्याला ही अडचण नाही. मधल्या चौकोनी भोकात रॅचेट (गोट्या फिरवायचा, एकाच दिशेने धरणारा दांडा) घालून फिरवलं की आतले दाते तिन्ही पाय आत ओढतात. फिल्टर जितका घट्ट, तितकी पकड आवळत जाते. छोट्या गाड्यांचे बहुतेक फिल्टर त्यात मावतात. पत्र्याला खड्डे पडतील, पडू देत, तो फिल्टर टाकूनच द्यायचा आहे. मात्र या पान्याने नवा फिल्टर कधीही आवळू नका. त्याला फिल्टरच्या खाली मोकळी जागा लागते, शिवाय पायांसाठी बाजूलाही बोटभर. म्हणून खरेदीआधी टॉर्च घेऊन वाका, तुमचा फिल्टर कुठे आहे आणि त्याच्याभोवती हात कितपत जातो ते बघा. रॅचेट 3/8 इंची पुरे, सोबत 3 आणि 6 इंची एक्स्टेन्शन, म्हणजे लांबी वाढवणारे जोडदांडे घ्या. बाजूला अजिबात जागा नसेल तर मात्र टोपीशिवाय इलाज नाही. तेव्हा आधी जुन्या फिल्टरच्या टोकाच्या बाजू बोटाने मोजा. त्याचं माप काढायचं तर सुतळी टोकाजवळ एकदा गुंडाळा, लांबी मिमीत मोजा आणि 3.14 ने भागा. सुतळी 207 भरली तर फिल्टर 66 च्या आसपास. यावरून दुकानात कोणत्या दोन-तीन टोप्या मागायच्या ते कळतं, पक्कं माप त्यातून मिळत नाही.

पट्ट्याचा पाना मी सुचवणार नाही. रबरी पट्टा ऑइलचा हात लागला की घसरतो. लोखंडी पट्ट्याचा धरतो, पण त्याचा दांडा आडवा फिरायला जागा मागतो आणि छोट्या गाडीच्या बॉनेटखाली ती नसते. फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवायचा सल्लाही कुणी देईल. पत्रा पातळ असतो, तो फाटत जातो, आणि शेवटी बुडाची जाड चकती तेवढी इंजिनला चिकटून राहते. मग छिन्नीने एक-एक ठोका देत ती सोडवत बसावं लागतं.

आता ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडण्यासाठी काढायचा नट, कारण खरं नुकसान तिथे होतं. भारतातल्या छोट्या गाड्यांना बहुतेक 14 किंवा 17 मिमीची गोटी (सॉकेट) लागते. दोन्ही जवळ ठेवा आणि जी घट्ट, न हलता बसते तीच वापरा. गोटी सहा बाजूंचीच हवी. बारा बाजूंची गोटी नटाला फक्त कोपऱ्यांवर धरते, आणि आपल्याकडे समुद्राच्या हवेने नटाची डोकी आधीच गंजलेली असतात. कोपरे उडायला वेळ लागत नाही. फिक्स पाना आणि पकड तर नकोच. गोटी चढवण्याआधी तारेच्या ब्रशने नट घासा, माती निघू द्या. पावसाळ्यात चिखल नटाच्या डोक्यावर सुकून बसतो, गोटी अर्धवटच चढते, आणि आपल्याला वाटतं ती बसली.

फिरवायची दिशाही नीट समजून घ्या. नटाच्या डोक्याकडे समोरून बघत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. वरून किंवा बाजूने हात घालून काम करताना हे उलटंपालटं होतं आणि माणूस सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे गिअरबॉक्सचा नट काढणं. इंजिन आडवं असलेल्या गाडीत दोन्ही नट जवळजवळ असतात. इंजिनचा नट ऑइलच्या पसरट चेंबरच्या बुडाशी किंवा कडेला असतो, गिअरचा कास्टिंगच्या जाड खोक्याला. आलेलं तेल काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं. मधासारखं, दाट, उग्र वासाचं आलं तर तिथेच थांबा, नट परत लावा आणि गिअर ऑइल पुन्हा भरल्याशिवाय गाडी हलवू नका. हे लक्षात न येता पुढे गेलात तर गिअरबॉक्स कोरडा राहतो आणि इंजिनात दुप्पट ऑइल जातं.

इंजिन 3–4 मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट हवं, कढत नको. इंजिनवरचं ऑइल भरायचं झाकण आधी काढा, मगच खालचा नट. म्हणजे ऑइल गचके न खाता येतं. शेवटचे आटे हाताने सोडवताना नट वर दाबून धरा आणि झटक्यात बाजूला घ्या. पहिली धार सरळ खाली पडत नाही, वितभर पुढे उडते. घमेलं त्या अंदाजाने ठेवा.

नट परत लावताना वायसर नवा, दर वेळी. तो तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, एकदा चेपला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. आणि गळतीच्या भीतीने लोक नट जास्त आवळतात, तिथेच चेंबरचे आटे जातात. आधी तीन-चार आटे फक्त बोटांनी फिरवा. अडलं तर नट तिरका चढलाय, परत काढा. या छोट्या पेट्रोल इंजिनांना साधारण 35 न्यूटन-मीटर पुरतात, आकडा मॅन्युअलमध्ये तपासून घ्या. 25 सेंमी लांब दांड्याच्या टोकाला जेमतेम 14 किलोचा जोर लावला की तेवढं होतं. दांड्यावर अंगाचा भार टाकायचा नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला इशारा देणारा पाना, घेणार असाल तर 3/8 इंची, 10 ते 60 न्यूटन-मीटरच्या मापाचा घ्या. चाकांच्या नटांसाठीचा मोठा 1/2 इंची रेंच इतक्या खालच्या आकड्याला भरवशाचा नसतो.

फिल्टर काढल्यावर इंजिनच्या तोंडावर बोट फिरवून बघा, जुनं रबरी वर्तुळ तिथेच चिकटलंय का. ते राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला तर गाडी सुरू केल्यावर दाबाने दोन रबरांमधून ऑइल भसाभसा बाहेर येतं, काही मिनिटांत चेंबर रिकामा होतो. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइलचा हात लावा. रबर टेकेपर्यंत हाताने फिरवा, तिथून पुढे पाऊण फेरा, बस. कोरड्या रबराने आणि पान्याने आवळलेला फिल्टरच पुढच्या वर्षी निघत नाही. पुढच्या वेळी त्याच कंपनीचा फिल्टर आणा, तेव्हा टोपी कामाला येईल.

या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं. अडीच लिटर ओता, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटांनी ऑइल मोजायची काडी बघा आणि दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडं थोडं घाला.

गाडी उचलण्याबद्दल कळकळीने सांगतो. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेले असतात आणि जॅक कमी पडला की लोक तेच गाडीखाली सारतात. चिरा हा भुसभुशीत, छिद्रांचा दगड. भिंतीत भार सगळीकडे वाटला जातो म्हणून तो टिकतो. गाडीच्या कडेचा भार एका टोकावर आला की तो काहीच इशारा न देता फुटतो. लोखंडी स्टँडच वापरा, दोन टनी, सिमेंटच्या सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका.

निघालेलं ऑइल माडाच्या मुळाशी ओतू नका, कुंपणाच्या खांबांनाही फासू नका. आपल्या तांबड्या जमिनीतून पाणी झपाट्याने झिरपतं आणि विहीर चार पावलांवर असते. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं ऑइल हे धोकादायक कचऱ्यात मोडतं. जुन्या फिल्टरच्या बंद टोकाला खिळ्याने भोक पाडून तो रात्रभर घमेल्यात उपडा ठेवा, आतलं ऑइलही निघेल. सगळं नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यावर मार्करने ‘जुनं’ लिहा आणि जिथे जुन्या ऑइलचं बॅरल ठेवतात अशा गॅरेजला नेऊन द्या. त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळलेलं असेल तर ते घेत नाहीत, म्हणून हात धुतलेलं रॉकेल वेगळंच ठेवा.