जखमेचा दाह की सूज?

रामबागेतल्या काकूंचा प्रश्न असा: दवाखान्याच्या हिंदी पत्रकात ‘सूजन कम होगी, तभी घाव भरेगा’ असं होतं. भाचीनं मराठी केलं, ‘दाह कमी झाला तरच घाव भरेल’. सासूबाई म्हणाल्या, दाह पोटात होतो, गुडघ्याला कुठला? मग लिहायचं काय?

आधी तो ‘घाव’ काढा. आपल्या इंदुरी मराठीत या अर्थानं तो बहुतेक हिंदीच्या दारानं आत आलाय. मराठीत घाव बहुधा बसतो. भरून येते ती जखम.

सासूबाईंचंही चूक नाही. घरात दाह म्हणजे आग, पित्ताची नाहीतर उन्हाची. पण वैद्यकात दाहाला ‘इन्फ्लमेशन’ म्हणतात, तो मूळचा लॅटिन शब्दही आग लागण्यावरूनच आलाय. रोमच्या सेल्सस या वैद्यकावर लिहिणाऱ्यानं पहिल्या शतकातच दाहाच्या चार खुणा सांगितल्या: लाली, सूज, ऊब, ठणका. म्हणजे सूज ही चारातली एक. रात्रभर नागपूरच्या बसमध्ये बसून पाय सुजतात, तिथे सूज आहे, दाह नाही. सुश्रुताचा ‘शोथ’ नेमका खरा, त्याच्या आम, पच्यमान, पक्व अशा अवस्थाही दिल्यात (आपलं गळूही पिकतंच की!), पण पत्रकात शोथ वाचून कुणाला काय कळणार? दाहच ठेवा.

खरी अडचण ‘तरच’ची आहे. गेल्या महिन्यात विळीवर माझं बोट कापलं. दुसऱ्या दिवशी कडा लाल, हात लावला तर गरम, रात्री ठणका. ते बिघडणं नव्हतं, भरून येण्याची सुरुवात होती. काही तासांतच पांढऱ्या पेशी जंतू खायला येतात. मागोमाग महाभक्षी पेशी येऊन मेलेलं उचलतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना, नव्या कातडीला वाढायचा इशाराही त्याच देतात. अ‍ॅक्सोलॉटल या सॅलॅमँडरचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो. 2013 साली प्रयोगात त्याच्या महाभक्षी पेशी काढून टाकल्या, तर पाय उगवलाच नाही. दाह मुक्काम ठोकून बसला की मात्र घात. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमा चिघळत राहतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

तेव्हा भाचीला सांगा, असं लिही: ‘जखमेला सुरुवातीला दाह होतो, म्हणजे ती लाल होते, सुजते, ठणकते. दोन-तीन दिवसांनी हे ओसरू लागलं पाहिजे. वाढतच गेलं, तर लगेच दाखवा.’ सासूबाईंना एकदा वाचून दाखवा. त्या अडल्या नाहीत, की छापायला द्या.