विकिपीडियावर लॉगिन न करता एडिट केलं तर ओळख जास्त लपते का?

नाही, उलट टोपणनावाने खातं काढलेलं बरं, ईमेल द्यायचीही सक्ती नाही. पूर्वी लॉगिनशिवाय एडिट केलं की 'इतिहास पहा'मध्ये सरळ आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) दिसायचा (जुने आजही दिसतात), आता बहुतेक विकींवर '~' चिन्ह आणि वर्ष (उदा. '~२०२५-') अशा नावाने सुरू होणारं तात्पुरतं खातं आपोआप बनतं, ९० दिवस टिकतं, पण त्यामागचा आयपी गस्त घालणाऱ्या बऱ्याच अनुभवी सदस्यांना बघता येतो, स्वतः काढलेलं खातं असेल तर मोजक्या चेकयूजरनाच (खात्यांचे आयपी तपासायचा खास अधिकार असलेले सदस्य). फक्त इन्स्टावरचंच नाव इथे नको हं. आणि कोर्टाची गोष्ट वेगळी, २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडियावर केलेल्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने एडिटर्सची माहिती मागितलीच होती, शेवटी नावं जाहीर न करता विकिमीडियानेच (विकिपीडिया चालवणारी संस्था) त्यांना समन्स पोचवायचं असं ठरलं.