ॲपमुळं नफा वाढतो का? नव्या संचालकासाठी

सहकारी बँकेत संचालक म्हणून पहिलंच वर्ष, आणि लगेच बँकेच्या मोबाइल ॲपमुळं नफा वाढतो का, असं विचारलंत, हे फार चांगलं. बेळगावात बरीच वर्षं ताळेबंद वाचतोय, म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो.

नवं म्हणजे संगणकच, असं धरू नका. आपली पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत ठेव, आठवा. १९२८ साली उडुपीच्या बँकेनं, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेनं, ती सुरू केली. एजंट दारात येऊन दोन आणेसुद्धा घ्यायचा. ठेवी जमल्या, पण कमिशनचा खर्चही आला. ॲपचंही तसंच आहे.

- खर्च आधी दिसतो, फायदा उशिरा. एकाच वर्षाच्या नफ्यावरून निकाल देऊ नका. चार वर्षांचे आकडे शेजारी मांडा.
- यूपीआयमधून थेट कमाई शोधू नका. बँक खात्यातून केलेल्या पेमेंटवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क लावता येत नाही. खडेबाजारातल्या दुकानदाराचा गल्ला तुमच्या खात्यात जमा होऊन तिथंच राहिला, तर स्वस्त, म्हणजे कमी व्याजाची ठेव मिळते. खरा फायदा तो. म्हणून बचत आणि चालू ठेवींचा वाटा बघा.
- ॲप किती जणांनी घेतलं, हे मोजत बसणं ही नेहमीची चूक. शंभर रुपये उत्पन्नामागं कामकाजाचा खर्च किती, ते काढा.

थकीत कर्जं वेगळी ठेवा. उसाचं बिल लांबलं की हप्ते अडतात, नफा घसरतो. त्यात ॲपचा काय दोष?

बाकी गणितं नंतर. आधी चार वार्षिक अहवाल काढा.