रॉकेटचे शहर की लोखंडाचे शहर?

प्रश्न : माझी मुलगी बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून तिला अमेरिकेत एम.एस. करावयाचे आहे. मी उद्यमबागेतील एका फौंड्रीत पंचवीस वर्षे पॅटर्नचे काम करतो. कन्सल्टन्सीने अलाबामा राज्यातील हंट्सविल हे शहर सुचविले आहे. तेथे नासाचे केंद्र असल्याने शिक्षण संपताच नोकरी मिळेल आणि राहणीचा खर्चही कमी येईल, असे ते सांगतात. खानापूर तालुक्यातील आमची शेती तारण ठेवून कर्ज काढावे का? — एक पालक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : कन्सल्टन्सीने खोटे काही सांगितलेले नाही, मात्र निम्मेच सांगितले आहे. हंट्सविल हे एके काळी कापूस आणि सूतगिरण्यांचे गाव होते. १९५० मध्ये रॉकेटशास्त्रज्ञ व्हेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे जर्मन सहकारी तेथील रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावर आले, १९६० मध्ये त्याच तळावर नासाचे मार्शल केंद्र सुरू झाले आणि माणसाला चंद्रापर्यंत नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचा विकास तेथेच झाला. त्या रॉकेटची पूर्ण उंचीची प्रतिकृती आजही महामार्गावरून दुरून दिसते. २०२० च्या जनगणनेत २,१५,००६ लोकसंख्येसह हंट्सविल राज्यातील सर्वांत मोठे शहर ठरले. तरीही ते बेळगावच्या निम्म्याहून लहानच आहे.

आता राहिलेला निम्मा भाग. रॉकेट, क्षेपणास्त्रे आणि त्यांची इंजिने यांविषयीची बरीचशी तांत्रिक माहिती अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांखाली येते, आणि अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा अधिकृत आश्रय मिळालेले निर्वासित यांच्याखेरीज इतरांना ती दाखवायची झाल्यास कंपनीला सरकारी परवाना लागतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेली आपली मुलगी या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. त्यातही संरक्षण खात्याच्या गोपनीय कामासाठी नागरिकत्वच लागते. मुलीला एक संध्याकाळ बसवून हंट्सविलमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या नोकऱ्यांच्या वीस जाहिराती उघडायला सांगा आणि ‘अमेरिकी नागरिकत्व आवश्यक’ ही ओळ कितींमध्ये आहे ते तिलाच मोजू द्या. ही ओळ बहुधा पगार, सुट्ट्या, विमा असे सगळे संपल्यावर जाहिरातीच्या तळाशी असते. आमच्याकडे येणारे विद्यार्थी तिथपर्यंत वाचतच नाहीत, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

याचा अर्थ तेथे शिकूच नये असा नव्हे. विद्यापीठात चालणारे आणि खुलेपणाने प्रसिद्ध होणारे मूलभूत संशोधन सामान्यतः या निर्बंधांच्या बाहेर राहते, आणि शहरात टोयोटाचा इंजिन कारखाना तसेच २०२१ पासून उत्पादन करणारा माझदा-टोयोटाचा मोटार कारखानाही आहे. पदवीनंतर सध्याच्या नियमांनुसार बारा महिने आणि विज्ञान-अभियांत्रिकी शाखांना आणखी चोवीस महिने काम करण्याची मुभा मिळते; परंतु ही मुदत मालक मिळाला तरच उपयोगाची. म्हणून महाविद्यालयाच्या क्रमवारीआधी त्या शहरातील कोणती दारे आपल्या मुलीसाठी उघडी आहेत, ते पाहावे.

आणि आपण फौंड्रीत काम करता म्हणून सुचवावेसे वाटते. हंट्सविलच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटरवर बर्मिंगहॅम आहे. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही एकाच परिसरात सापडल्यामुळे १८७१ मध्ये हे शहर वसविले गेले, आणि डोंगरावर उभा असलेला व्हल्कन या रोमन अग्निदेवतेचा ओतीव लोखंडाचा ५६ फुटी पुतळा आजही त्याची खूण आहे. तेथे बिडाच्या पाइपांचे कारखाने अजून चालतात. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात पदार्थ अभियांत्रिकी, तर त्याच राज्यातील टस्कलूसा शहराच्या विद्यापीठात धातुशास्त्र शिकविले जाते. वाळू, साचा, राइझर, ब्लोहोल हे शब्द घरात ऐकत वाढलेल्या मुलीने आपल्या अर्जात कास्टिंगविषयी लिहिलेले एक पान, अवकाशाच्या स्वप्नांविषयी लिहिलेल्या तीन पानांपेक्षा प्राध्यापकांना अधिक खरे वाटेल, असे आमचे मत आहे. अर्थात तिचे मन खरोखर रॉकेटमध्येच असेल, तर हा सल्ला तिच्यावर लादू नये.

एक गोंधळ मात्र टाळा. टस्कलूसा, बर्मिंगहॅम आणि हंट्सविल ही एकाच सरकारी व्यवस्थेतील, पण १९६९ पासून स्वतंत्रपणे चालणारी तीन विद्यापीठे आहेत. प्रवेश, शुल्क आणि व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद प्रत्येकाचा वेगळा. कन्सल्टन्सीच्या पत्रकात नुसते ‘अलाबामा युनिव्हर्सिटी’ लिहिले असेल, तर कोणती, हे लेखी विचारा.

कर्जाविषयी सांगायचे, तर साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, परंतु शेतजमिनीचा उतारा बहुतेक बँका तारण म्हणून स्वीकारत नाहीत. घर किंवा बिगरशेती भूखंड लागतो. त्याआधी विभागाला ई-मेल करून एम.एस.च्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप (शिकविण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचे पगारी काम) मिळते का, आणि मिळाल्यास परराज्यातील विद्यार्थ्यांचे वाढीव शुल्क माफ होते का, हे दोन प्रश्न विचारा. पुष्कळदा ती आधी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना दिली जाते. ‘तिथे गेल्यावर मिळेल’ या तोंडी आश्वासनावर कर्ज काढू नये.

प्रश्न : अशा शहरांत गाडीशिवाय राहता येते का? चक्रीवादळांचीही भीती वाटते. — एक वाचक, निपाणी

उत्तर : गाडीशिवाय राहता येते, पण अडचणीत. बससेवा तुटपुंजी असते आणि कित्येक रस्त्यांना फुटपाथच नसतो. आपल्या भागातील एका विद्यार्थ्याने स्वस्त भाड्याची खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात दोन मैलांवरून तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन गवतातून चालत आला. विद्यापीठाच्या बसमार्गावरची खोली थोडी महाग पडली तरी पहिल्या वर्षी तीच घ्यावी. ज्यांना आपण चक्रीवादळे म्हणता, ते तेथील टॉर्नेडो, म्हणजे जमिनीवरून सोंडेसारखे गरगरत जाणारे वावटळी वादळ होत. ती भीती निराधार नाही : २७ एप्रिल २०११ रोजी उत्तर अलाबामात त्यांनी मोठी प्राणहानी केली आणि हंट्सविल परिसर काही दिवस विजेविना होता. खोली पाहताना तळमजल्यावर बिनखिडकीची आतली जागा कोठे आहे, हे घरमालकाला विचारून ठेवावे, आणि मोबाइलवरील इशारे रात्रीही बंद करू नयेत.