बीपीची गोळी बदलली आणि लांबचं दिसेना

"मॅडम, बीपीच्या गोळीनं डोळे जातात काय ओ? बंद करून टाकू का?" हा प्रश्न समुपदेशनात नेहमी येतो. या वेळी विचारणारे होते शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईंचे यजमान.

बाईंचं वय ४८. पाच दिवसांपूर्वी साध्या टेल्मिसार्टनऐवजी हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम असलेली जोडगोळी सुरू झालेली. हायड्रोक्लोरोथायझाइड म्हणजे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारं औषध. तिसऱ्या दिवसापासून सिटी बसची पाटी वाचता येईना, कपाळ ठणकायचं. उलट काजं-बटणं करताना जवळचा चष्मा लागेनासा झाला, सुईत दोरा बिनचष्म्यानं जायला लागला. घरचे म्हणाले, नजर सुधारली. खरं तर धोक्याची खूण तीच होती. चाळिशीचा चष्मा एकाएकी नकोसा झाला आणि लांबचं धूसर झालं, तर डोळ्याचा नंबर उणेकडे सरकलाय. तोही दोन्ही डोळ्यांत एकदम, म्हणून औषधाचा संशय आधी घ्यायचा.

होतं असं: क्वचित एखाद्याला हे औषध सोसत नाही. बुबुळामागच्या थरांत पाणी साचतं, नेत्रभिंग पुढे ढकललं जातं. त्यानं लांबचं पुसट होतं आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होऊन दाब चढतो. हे गोळी सुरू झाल्यापासून काही तासांत ते काही आठवड्यांत घडतं. वर्षानुवर्षं तीच गोळी घेणाऱ्यानं धास्तावू नये. पूर्वी सल्फाच्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगावं.

बाईंना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. डोळ्यातला दाब ३४ निघाला. एरवी तो १० ते २१ असतो. गोळी लगेच थांबली, दाब उतरवायची औषधं आणि ॲट्रोपिनचे थेंब सुरू झाले. काचबिंदूच्या नेहमीच्या झटक्यात देतात ते पायलोकार्पिन इथे उलटं पडतं, लेझरनंही फारसं साधत नाही. म्हणून नवी गोळी कोणती, कधीपासून, हे आपणहून सांगायचं आणि पाकीट सोबत न्यायचं. आठवड्याभरात नजर पूर्ववत झाली. बीपीसाठी ॲम्लोडिपिन आलं. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड याच गोतावळ्यातली, त्यामुळे फाइलवर तिन्ही नावं लाल शाईनं लिहून दिली. या भानगडीत नवा चष्मा करून घेतला असता तर पैसे वाया गेले असतेच, पण दाब तसाच राहून नजर कायमची जाण्याचा धोका होता.

मग यजमानांचा मूळ प्रश्न. नव्या गोळीनंतर लांबचं अचानक धूसर होणं, डोळा दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. नुसती चुरचुर आणि कोरडेपणा असेल तर बीपीची गोळी मनानं बंद करायची नाही. सोलापूरचा मे महिना आणि कारखान्यातला कापसाचा तूस डोळे कोरडे करायला पुरेसे आहेत. गोळी त्यात थोडी भर घालते. वंगण देणारे थेंब डॉक्टरांना विचारून सुरू करता येतात.

हृदयाच्या रुग्णांची एक गोष्ट वेगळी. फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधासोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल आणि सगळं पिवळट-हिरवट दिसू लागलं, तर डोळ्यांच्या दवाखान्यात रांग लावू नका. पोटॅशियम घटून डिगॉक्सिनची विषबाधा होत असण्याची शक्यता असते. थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, पोटॅशियम आणि ईसीजी त्याच दिवशी झाले पाहिजेत.